फोनची आय

रेवतीनं मला शेवटचं जे विचारलं, त्याचं मी खरं उत्तर दिलं नाही. तिला जाऊन आता दोन महिने होत आले. लोक भेटतात, म्हणतात, अक्का, तुम्ही तिचं आईसारखं केलंत हो. मी मान हलवते, कॉफी पुढं करते, आणि पोटात ते एक उत्तर तसंच पडून असतं, न विरघळलेल्या गोळीसारखं.

त्या दुपारी मी जयनगरहून सर्जापूर रोडला तिच्या घरी गेले होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता आणि कुणी तो मोठ्यानं बोलत नव्हतं. मिलिंद, तिचा नवरा, औषधं आणायला खाली गेला होता. वर्षा, त्यांची लेक, शाळेत. मी डब्यातून मऊ भात आणि पातळ सारू नेलं होतं, ते चमच्यानं भरवत होते. दोन चमचे खाल्ले तिनं. तिसऱ्याला मान फिरवली आणि म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तिथं व्हरांड्यात ती सिंधी बाई तुम्हाला बाजूला घेऊन काय सांगत होती हो?"

आठ वर्षं झाली होती त्याला. आठ वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी चमचा वाटीत ठेवला.

"कुठली सिंधी बाई गं?" मी म्हटलं. "मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं. मग म्हणाली, "सरी, अक्का." आणि डोळे मिटले. चौथ्या दिवशी ती गेली. मधले तीन दिवस ती शुद्धीत अशी नव्हतीच, त्यामुळं मला मिळालेला तिचा शेवटचा शब्द तोच... सरी.

हा शब्दही तिनं माझ्याकडूनच घेतलेला. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर हे दोघं भाड्यानं राहायला आले तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ती सांगलीकडची, पुण्यात शिकलेली, इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत. आम्ही मात्र बेंगळुरूत किती पिढ्यांचे ते आमचं आम्हालाच माहीत नाही. आमची मराठी म्हणजे निम्मी कानडी. मी जिन्यातून हाक मारायची, "रेवती, आधी जेवून सोड गं, मग कामाला बस," की ती वरून हसायची, "सोडू कसं अक्का, आधी जेवू तरी द्या." कानडीतला पहिला शब्द ती शिकली तो सरी, म्हणजे बरं, ठीक. भाजीवाल्याला सरी, ऑटोवाल्याला सरी, मी रागावले तरी सरी. एवढ्या एका शब्दावर बाईनं सहा महिने संसार केला.

तिचं काम होतं दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचं. तीच सवय घरात. तिच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. 'तूरडाळ, जुनी'. 'तूरडाळ, नवी'. किल्ल्यांच्या खिळ्याखाली 'अक्कांची, मागचं दार'. मी चिडवायची, की बाई, एक दिवस नवऱ्याच्या कपाळावर चिठ्ठी लावशील. ती म्हणायची, "नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं अक्का. ज्याचं त्याचं नाव नीट लागलं पाहिजे." हे वाक्य तिनं मला शंभरदा ऐकवलं असेल. तेव्हा मला ते डाळीबद्दल वाटायचं.

मूल होत नव्हतं. त्यासाठी जे जे करतात ते सगळं झालं, नऊ वर्षं झालं, त्याबद्दल मी लिहीत नाही. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली. आईला ती 'आय' म्हणायची, त्यांच्या गावाकडं तसंच म्हणतात. पुण्यात हॉस्टेलच्या मुली हसल्या म्हणून चारचौघांत 'आई' म्हणायला लागली, पण माझ्यापाशी बसली की 'आमची आय असं करायची', 'आय असती तर'... तो शब्द उच्चारताना तिचा आवाज एकदम लहान व्हायचा.

मिलिंदचा धाकटा भाऊ शेखर थायलंडमध्ये गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. मुलीची आई रस्त्याकडेला केळी तळून विकायची. मिलिंदच्या आईनं त्या दिवसापासून शेखरचं नाव टाकलं. त्यांना मुलगी झाली, ती एक वर्षाची असताना तिची आई तापानं गेली, आणि पुढं दीड वर्षानं शेखर मोटारसायकलवरून ट्रकखाली. राहिली ती अडीच वर्षांची पोर, केळी विकणाऱ्या आजीजवळ.

मिलिंदचं म्हणणं होतं, आपण इथून लागेल ते करत राहू, पण पोरीला आजीपासून तोडू नये. तीच एक तिला उरली आहे आणि ती आजीला. रेवतीचं म्हणणं... रेवतीचं काही म्हणणं नव्हतं. ती फक्त कागद गोळा करत होती. दत्तकाचे कागद इथून तिथून फिरायला वर्ष गेलं. शेवटच्या सह्या तिथल्या कचेरीत आजीसमोर व्हायच्या होत्या, आणि मिलिंदनं निघण्याआधी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, मी सही करेनच असं नाही. आधी बघतो. तिचं मन मोडलं तर तुम्ही जवळ असा." म्हणून मी गेले. सासूनं उंबरठा ओलांडू देणार नाही म्हणून कळवलेलं, आई नाही, मग तिच्या बाजूनं थोरलं माणूस मीच.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, माझी ओटी भरा. मी म्हटलं, अगं, आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली, मी कशी भरू? खालच्या गल्लीतल्या कुणाला बोलावते. ती ऐकेना. "तुम्हीच भरायची. लेकरू आणायला चाललेय, आयकडून भरून घेतात." मी भरली. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, आणि नारळ कसा न्यायचा म्हणून सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या. विमानतळावर बॅग आत गेली आणि दहा मिनिटांत आमच्या नावाचा पुकारा. आत नेऊन बॅग उघडायला लावली. खोबऱ्यात तेल असतं, पेट घेतं, विमानात चालत नाही. त्या माणसानं ओटीच्या खणातून खोबरं तेवढं बाहेर काढलं आणि प्लास्टिकच्या टबात टाकलं. मिलिंद म्हणाला, "अक्का, तुमचा आशीर्वाद स्फोटक निघाला." रेवती खो खो हसली. मी हसले नाही. त्या टबात कुणाकुणाच्या काड्यापेट्या, लायटर पडलेले, आणि मधे ते खोबरं. मला वाटलं, मी भरायला नको होती. बघ, ज्यानं घ्यायचं त्यानं काढून घेतलं.

बँकॉकहून गाडीनं तीन तास लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने, मग मधेच नारळाची झाडं, की वाटावं आमच्याकडच्या मंड्याला चाललोय. दुभाषी म्हणून कचेरीनं एक सिंधी बाई सुचवली होती, तीन पिढ्या तिथं कापडाचं दुकान असलेल्या घरातली सून. आमच्याशी हिंदीत बोलायची. तिनं वाटेत सांगितलं, मुलीला घरात फोन म्हणतात.

"फोन?" मी म्हटलं. "आणि थोरली असती तर काय, चार्जर?"

"फोन म्हणजे त्यांच्यात पाऊस, अक्का," मिलिंद म्हणाला. "म्हणून तर शेखरनं कागदावर वर्षा लावलं." बाकी सगळे नीट नाक वर करून उच्चार करायचे, मी आपली टेलिफोनचाच फोन म्हणत राहिले.

घर पत्र्याचं, पुढं लाकडी व्हरांडा, कोपऱ्यात पावसाचं पाणी साठवायचे माणूसभर उंचीचे रांजण. पोर त्या रांजणामागं लपलेली. मिलिंद कचेरीच्या माणसाबरोबर आत कागद बघायला बसला. रेवती रस्त्याकडं पाठ करून पायरीवर बसली, दोन्ही हात पुढं करून. पंधरा मिनिटं. अर्धा तास. पोर एक डोळा बाहेर काढायची आणि परत आत. रेवतीचे हात अवघडून थरथरायला लागले तरी तिनं खाली घेतले नाहीत. मला आतून मिलिंदचा आवाज ऐकू येत होता, हळूहळू नकाराकडं चाललेला. मी बाजूला उन्हात उभी, सगळं बघत.

आणि पोर एकदम धावत सुटली. हात पसरून, सरळ रेवतीच्या दिशेनं, आणि ओरडली, "याsय".

रेवतीच्या मागून म्हातारा आवाज आला, "जाs".

पोर येऊन रेवतीच्या अंगावर आदळली. रेवतीनं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि रडत ओरडली, "मिलिंद, बाहेर ये. आय म्हणाली मला. आय म्हणाली रे. आणि आजीनं म्हटलं, जा." मिलिंद धावत आला. त्यानं काय पाहिलं? बायकोच्या गळ्यात पडलेली भावाची पोर. त्याचे डोळे भरले. तो म्हणाला, "मग आता काय राहिलं."

मी काय पाहिलं ते लिहिते. रेवतीच्या मागं, रस्त्याकडून, केळ्यांची पिशवी घेऊन म्हातारी आलेली होती. आणि पोरीचा एक हात रेवतीच्या खांद्यावरून पलीकडं, त्या म्हातारीकडं, बोटं ताणून पसरलेला होता.

सिंधी बाईनं माझं कोपर धरून मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. "माताजी, यहाँ नानी को याय बोलते हैं. और वो जा नहीं है. कोई पुकारे तो प्यार से बोलते हैं, जाs... मतलब हाँ बेटा, यहाँ हूँ. आप बड़ी हैं, बता दीजिए."

"तुम क्यों नहीं बताती?" मी विचारलं.

"मुझसे जो कहा जाता है वही पलटती हूँ. ये तो किसी ने पूछा ही नहीं."

मी वळून रेवतीकडं पाहिलं. नऊ वर्षं ती माझ्या घरात वर राहिली, दर महिन्याला तिचा चेहरा मी बघत आले होते. हा चेहरा मी पाहिला नव्हता. मी स्वतःशी म्हटलं, आज नको. उद्या सांगू, जरा शांत झाली की. रेवतीनं त्या वेळी पोरीच्या केसांवरून नजर उचलून आमच्याकडं पाहिलं होतं का... मला वाटलं, नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. आजीनं अक्षर न् अक्षर कोरत सही केली आणि दुभाषीला एकच विचारलं. त्यांचा वर्षपाडवा एप्रिलात असतो, तेव्हा पोरं-नातवंडं जिथं असतील तिथून घरी येतात आणि थोरल्यांच्या हातांवर पाणी घालतात. तेव्हा पोर येईल ना? रेवतीनं तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "दर वर्षी." मिलिंद नोकरीसाठी परतला, आम्ही दोघी पोरीच्या पासपोर्टसाठी तीन आठवडे राहिलो. रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगते. रोज काहीतरी निघायचं. निघताना आजी रडली नाही. तिनं तळलेल्या केळ्यांचं पुडकं माझ्या हातात दिलं, ते ऊन ऊन होतं. गाडी वळली तशी पोर जागी झाली, मागच्या काचेला नाक लावून तिनं हाक मारली, "याsय." रेवतीनं तिला मांडीत ओढलं. "आहे गं, इथंच आहे. आय इथंच आहे." मागं रस्त्यावर म्हातारीचे ओठ हलले. काच बंद होती. पण ती काय म्हणाली ते मला ठाऊक होतं.

मग जयनगरला वरच्या मजल्यावर ते सुरू झालं. पोर जेवताना, खेळताना, पडल्यावर, झोपेतून उठून एकच हाक मारायची, आणि ज्या क्षणी हाक कानावर पडेल त्या क्षणी रेवती हातातलं टाकून धावायची. "आले गं, आय आली." पोर तिच्याकडं बघायची आणि तिच्या पलीकडं, दाराकडं बघायची. मग पुन्हा हाक. पुन्हा रेवती. मी खाली गहू निवडत बसायची आणि वरच्या धावत्या पावलांचा आवाज ऐकायची. पोर जिला हाक मारत होती ती कधी आली नाही, आणि जी येत होती तिचं नाव तेच पडलं. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी मी वर गेले होते. पोरीनं हाक मारली, रेवती आली, आणि पोरीनं दाराकडं बघितलंच नाही. रेवतीकडं बघून हसली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाटलं, आत्ता इथं कुणीतरी गेलं, आणि आपण दोघींनी त्याला जाताना पाहिलं.

पहिल्या एप्रिलात पोरीला कांजण्या आल्या. दुसऱ्यात शाळेचा प्रवेश. मग दोन वर्षं तर विमानंच बंद होती. तोवर हे लोक सर्जापूर रोडला स्वतःच्या घरात गेले. विमानं सुरू झाली तरी रेवती म्हणायची, पुढच्या वर्षी. मिलिंद मला म्हणाला, "अक्का, तुम्ही तरी सांगा तिला, शेखरची सासू आता थकली असेल." मी सांगितलं नाही. मला कळत होतं तिथं गेल्यावर काय होणार. पोर त्या व्हरांड्यात उभी राहणार, म्हातारी जाs म्हणणार, आणि सगळं उघडं पडणार. एप्रिलातली तारीख टळली की मी देवापुढं जास्तीचा दिवा लावायची. कशासाठी लावत होते ते देवालाच ठाऊक.

मधे एकदा, वर्षा साताठ वर्षांची असेल, रेवतीनं एक विचित्र खूळ घेतलं. पोरीनं आपल्याला मम्मी म्हणावं. आय नको. महिनाभर ती मागं लागली होती. पोर काही ऐकेना, "तू आयच आहेस, मम्मी कोण?" मी गेले होते तेव्हाच हे चाललेलं. मी म्हटलं, "वा गं बाई, सर्जापूरला आलीस आणि आयची मम्मी झालीस. आता आम्हालाही आंटी म्हण." ती हसली नाही. म्हणाली, "अक्का, तो शब्द मला फार मोठा होतो." मी आणखी चिडवलं. काय काय बोलले ते आता आठवून लाज वाटते. महिन्यानं तिनं नाद सोडला.

गेल्या वर्षी पोटात दुखायला लागलं. ती चुका शोधणारी, पण स्वतःच्या दुखण्याला ॲसिडिटी हेच नाव लावून बसली. खरं नाव लागलं तेव्हा चारच महिने उरले होते. शेवटच्या दिवसांत तिनं वर्षाच्या कपाटातल्या प्रत्येक खणाला चिठ्ठ्या लावल्या, मोज्यांना सुद्धा.

दिवसपाणी झाल्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडं होते. मिलिंद ओट्यापाशी उभा, वर्षा चित्रकलेच्या क्लासला. फळीवर रेवतीचा फोन पालथा ठेवलेला, चार्जरला लावून. पावणेअकराला तो थरथरायला लागला. फळीवरचे डबे बारीक किणकिणले.

"दर रविवारी येतो," मिलिंद म्हणाला. "मी बघत नाही अक्का. बघवत नाही."

मी फोन उलटा केला. आधी वाटलं वर्षाच्या कुठल्या मैत्रिणीची आई असेल, बायका अशीच नावं लावतात, अमकीची आई, तमकीची आई. मग नीट वाचलं. 'फोनची आय'.

वाजून वाजून बंद पडला. मिलिंदनं फोन उघडला, आणि आम्ही दोघांनी पाहिलं. दर रविवारी, पावणेअकरा. चार मिनिटं, सात मिनिटं, एकदा बावीस. वर्षा क्लासला आणि मिलिंद भाजी आणायला, ती वेळ. शिवाय फोटो. इथून गेलेले: वर्षाचा पडलेला दात, वर्षाची वेणी, वर्षाची वही. तिथून आलेले: फुलं, गुच्छ, आपल्याकडच्या बायका सकाळी पाठवतात तसले, आणि तळलेली केळी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पहिला फोटो होता वर्षाचा, ती सात वर्षांची असतानाचा... त्या मम्मीच्या महिन्यातला.

म्हणजे तिला ठाऊक होतं. कसं कळलं, कुणी सांगितलं, देव जाणे. तिनं तो शब्द परत द्यायचा प्रयत्न केला होता आणि मी तिला टोमणे मारले होते. नंतर तिला जमलं तेवढं तिनं केलं, ज्याचं त्याचं नाव नीट लावून ठेवलं. पण पोरीला त्या पडद्यासमोर बसवायचं धैर्य तिला झालं नाही. आणि शेवटी, त्या दुपारी, तिला बोलायचं होतं. एकटीनं वाहिलेलं कुणाबरोबर तरी खाली ठेवायचं होतं. तिनं दार किलकिलं केलं आणि मी म्हटलं, कुठली सिंधी बाई. सरी, अक्का.

गेल्या रविवारी मी सकाळीच गेले. मिलिंदला म्हटलं, आज वर्षाला क्लासला पाठवू नकोस. ती माझ्याशेजारी बसली, अकरा वर्षांची, रेवतीसारखीच पाय हलवत. तिला आपण तिथल्या, आपले आईबाबा गेले, एका आजीनं सांभाळलं, एवढं माहीत आहे. आजीचा एक फोटो आहे तिच्याकडं. मी म्हटलं, "वर्षा, तुला एक सांगायचंय."

"मग सांगा ना, अक्काज्जी."

मी सुरुवात शोधत राहिले आणि फळीवरचे डबे किणकिणले. वर्षा उठली, तिनं नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि फोन उचलला.

पडद्यावर म्हातारी. केस पार पांढरे, मागं तोच रांजण. किती रविवार ती अशी फोन धरून बसली असेल. तिनं पोरीला पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. "फोन," ती म्हणाली.

"तुझं नाव," मी वर्षाला सांगितलं.

म्हातारी पडद्याला अगदी नाक लावून काहीतरी शोधायला लागली. वर्षाच्या मागं, ओट्याकडं, चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांकडं. मग विचारलं, "रेवती?"

वर्षानं तोंड उघडलं. आय गेली, एवढंच तिला सांगायचं होतं. पण पहिल्या शब्दाच्या पुढं तिला जाता येईना. "आय..." ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "आय..."

"जाs," म्हातारी म्हणाली. "जाs."

वर्षाचा चेहरा पडला. फोन हातात तसाच धरून ती माझ्याकडं वळली. "अक्काज्जी, ही मला जा का म्हणतेय?"

"जा म्हणत नाही गं ती," मी म्हटलं. "तू हाक मारलीस ना... ती ओ देतेय."